रस्ता, क्षण आणि वस्ती : नागर छायाचित्राच्या समीक्षेतील एका गृहीताचा विचार

१

इ. स. १८६३ या एकाच वर्षी नगराकडे पाहण्याच्या दोन निरनिराळ्या रीती दोन भाषांत अक्षरबद्ध झाल्या. पॅरिसमध्ये शार्ल बोदलेअर यांचा आधुनिक जीवनाच्या चित्रकारासंबंधीचा निबंध वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाला. मुंबईत गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रकाशित झाले. या दोहोंमध्ये प्रभावाचे नाते नाही. तथापि तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने हे समकालीनत्व उद्बोधक आहे. बोदलेअर यांचा चित्रकार गर्दीत मिसळून हिंडतो, क्षणभर दिसून नाहीसे होणारे टिपतो आणि घराबाहेर असूनही सर्वत्र आपल्याच घरी असल्याचा आनंद घेतो. माडगांवकरांचा वर्णनकार मात्र शहरात कोण राहतात, कोणते उद्योग करतात, बाजार कसे भरतात, याची नोंद करीत जातो. पहिल्याच्या लेखी रस्ता म्हणजे ये-जा; दुसऱ्याच्या लेखी शहर म्हणजे वस्ती.

विसाव्या शतकात ‘स्ट्रीट फोटोग्राफी’ या नावाने जो छायाचित्रप्रकार स्थिरावला, त्याची समीक्षा मुख्यतः पहिल्या रीतीच्या आधारे उभी राहिली. चालता माणूस, निसटता क्षण आणि गर्दीत लपलेला द्रष्टा ही तिची तीन गृहीते होत. मुंबईसारख्या शहरात, जेथे असंख्य माणसांसाठी रस्ता हेच राहण्याचे ठिकाण आहे, तेथे ही गृहीते कितपत टिकतात, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे. त्यासाठी रघुबीर सिंग यांची छायाचित्रे आणि अरुण कोलटकर यांचा ‘काळा घोडा पोएम्स’ (२००४) हा इंग्रजी कवितासंग्रह शेजारी शेजारी ठेवून पाहावयाचे आहेत.

२

निसटत्या क्षणाचे महत्त्व छायाचित्राच्या स्वरूपातच अंगभूत आहे, असा समज रूढ आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. लुई दागेर यांनी १८३८ साली पॅरिसमधील बुलवार द्यु ताँप्ल या हमरस्त्याचे उंचावरून घेतलेले चित्र हे मनुष्याकृती उमटलेले सर्वांत जुने उपलब्ध छायाचित्र मानले जाते. चित्र उमटण्यास त्या काळी बराच वेळ लागत असल्याने रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या, घोडे आणि पादचारी यांचा मागमूसही त्यात राहिला नाही. उमटला तो एका जागी उभा राहून बुटांना पॉलिश करून घेणारा गृहस्थ आणि त्याच्या पायाशी बसलेला पॉलिशवाला यांची पुसट आकृती. छायाचित्राच्या आरंभी जे हलले ते नाहीसे झाले आणि जे थांबले ते राहिले. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने आणि त्याच्या छोट्या फिल्मने हे नाते उलटे केले. आता जाणारा माणूसच चित्राचा विषय झाला. बसून राहिलेला माणूस पार्श्वभूमीत गेला.

या पालटाला सैद्धांतिक रूप मिळाले ते आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ मधील ग्रंथामुळे, आणि तेही बव्हंशी एका भाषांतरामुळे. इंग्रजीत हा ग्रंथ ‘निर्णायक क्षण’ अशा अर्थाच्या नावाने प्रसिद्ध झाला. हे नाव ग्रंथारंभी दिलेल्या कार्दिनाल द रेत्स यांच्या एका वचनातून घेतलेले होते. मूळ फ्रेंच शीर्षक ‘इमाज आ ला सोवेत’ असे आहे. ‘आ ला सोवेत’ हा फ्रेंच वाक्प्रचार प्रामुख्याने विनापरवाना माल विकणाऱ्या, पोलीस दिसताच गाशा गुंडाळून पळावे लागणाऱ्या फेरीवाल्याच्या संदर्भात वापरला जातो. म्हणजे मूळ शीर्षकात छायाचित्रकाराने स्वतःसाठी योजलेले रूपक रस्त्यावर पोट असणाऱ्या माणसाचे होते. भाषांतरात फेरीवाला गळाला आणि त्याच्या जागी एक तात्त्विक संज्ञा आली. त्यानंतरची समीक्षा या संज्ञेभोवती फिरत राहिली. क्षण कोणाच्या दृष्टीने निर्णायक, हा प्रश्न त्यामुळे मागे पडला. मुंबईच्या पदपथावर महापालिकेची गाडी आल्याची खबर लागताच चादरीची चार टोके एकत्र करून निघणाऱ्या विक्रेत्याला त्या शीर्षकाचा मूळ अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

३

मराठी भाषेत ‘रस्त्यावर येणे’ याचा अर्थ भटकंतीस निघणे असा होत नाही. सर्वस्व गमावणे, निराधार होणे असा होतो. नगरसंवेदनेची चर्चा करताना या वाक्प्रचाराची दखल घेणे अगत्याचे आहे. बोदलेअर यांच्या चित्रकाराला गर्दीत घरी असल्यासारखे वाटते, ते त्याला परतण्यासाठी घर असल्यामुळे. मराठी कवितेतील रस्ता या सुरक्षिततेवर आधारलेला नाही. जन्मतःच टाकून दिलेले आणि एका गिरणी कामगाराने वाढविलेले नारायण सुर्वे ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) मध्ये रस्त्याला शिक्षणाचे स्थान देतात. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) कामाठीपुऱ्याच्या परिसरातील जग मराठी कवितेत आणले, ते पाहुण्याच्या नजरेने नव्हे. या संग्रहास विजय तेंडुलकर यांची प्रस्तावना आहे, हेही अर्थपूर्ण आहे : बाहेरून आलेला वाचक आणि आतला कवी यांतील अंतर ग्रंथाच्या रचनेतच नोंदले गेले.

कायद्याच्या क्षेत्रातही हाच प्रश्न उपस्थित झाला. १९८१ मध्ये मुंबईतील पदपथांवर व झोपड्यांत राहणाऱ्यांना हटविण्याचा निर्णय झाला आणि त्यातून उद्भवलेल्या ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये दिला. जगण्याच्या अधिकारात उपजीविकेचा अधिकार अंतर्भूत आहे, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र रीतसर सूचना देऊन पदपथ मोकळे करण्याचा प्रशासनाचा अधिकारही कायम ठेवला. पदपथ चालण्यासाठी की राहण्यासाठी, हा त्या वादाचा गाभा होता. छायाचित्राच्या समीक्षेने याच प्रश्नाला सामोरे जावयास हवे. सार्वजनिक जागी असलेल्या माणसाचे चित्र त्याला न विचारता घेता येते, असा या छायाचित्रप्रकाराचा संकेत आहे. पण ज्याला लावून घेण्यास दार नाही, त्याचे सार्वजनिक जागी असणे ऐच्छिक नसते. त्याचे रस्त्यावरील चित्र हे त्याच्या घरातील चित्र असते.

४

रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांचे कार्य या संदर्भात विशेष महत्त्वाचे ठरते. तरुणपणी जयपुरात त्यांनी कार्तिए-ब्रेसाँ यांना काम करताना पाहिले होते आणि ते ऋण त्यांनी मान्य केले. पण त्यांची चित्ररचना हळूहळू त्या प्रभावापासून दूर गेली. कृष्णधवल चित्रणाच्या प्रतिष्ठेच्या काळात त्यांनी रंगीत फिल्मचा आग्रह धरला. रंग ही भारतीय दृष्टीची स्वाभाविक भाषा आहे, अशी भूमिका त्यांनी ‘रिव्हर ऑफ कलर’ (१९९८) या ग्रंथात मांडली. ही भूमिका जशीच्या तशी स्वीकारणे कठीण आहे. एका उपखंडाची दृष्टी एका गुणधर्मात सामावत नाही, आणि गिरणगावातील भिंतींचा धुरकट करडेपणाही भारतीयच होता. रघुबीर सिंग यांचे खरे योगदान रंगापेक्षा चौकटीच्या रचनेत आढळते.

हावडा येथील पदपथावरील आरशांच्या दुकानाचे त्यांचे १९९१ मधील चित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. विक्रीसाठी मांडलेल्या आरशांमुळे रस्ता तुकड्यातुकड्यांत विभागला जातो. समोरचे आणि मागचे एकाच पातळीवर येते. कोणता तुकडा प्रमुख, हे ठरविता येत नाही. ‘बॉम्बे : गेटवे ऑफ इंडिया’ (१९९४) या ग्रंथाच्या काळातील मुंबईच्या चित्रांतही हे तत्त्व दिसते. झवेरी बाजारातील सराफी पेढीच्या चित्रात काचेमुळे पेढीचा अंतर्भाग आणि बाहेरची गर्दी एका चौकटीत येतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. या रचनेत एका शिखरक्षणाकडे धावणारी गती नाही. अनेक माणसे आपापल्या कामात आहेत आणि प्रत्येकाचा वेळ वेगळा आहे. गिऱ्हाइकाला निवड करावयाची आहे, हमालाला वाट हवी आहे, कोणी नुसताच उभा आहे. ‘निर्णायक क्षण’ ही संज्ञा येथे अपुरी पडते, कारण निर्णय एकाचा राहिलेला नाही.

तथापि या चित्रांचीही मर्यादा आहे. त्यांच्या शीर्षकांत बहुधा स्थळ, प्रांत आणि वर्ष असते. माणसाची ओळख नसते. ही अनामिकता छायाचित्राला विनासायास मिळते. चित्रातील माणूस उद्याही तेथेच असेल काय, त्याचे अंथरूण कोठे आहे, हे चौकट सांगू शकत नाही. वस्ती हे पुनरावृत्तीचे नाव आहे आणि एकाकी छायाचित्राला पुनरावृत्ती दाखविता येत नाही.

५

कोलटकर यांनी सर जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले आणि जाहिरात क्षेत्रात आरेखनकार म्हणून काम केले. दृश्याच्या मांडणीचे भान त्यांच्या कवितेत ठायी ठायी जाणवते. ‘काळा घोडा पोएम्स’चे निरीक्षणस्थान म्हणजे वेसाइड इन या उपाहारगृहातील जागा, जेथे ते वर्षानुवर्षे बसत. चौकाचे नाव ज्या अश्वारूढ पुतळ्यावरून पडले, तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्येच तेथून हलविला गेला होता. स्वार नसलेला नवा घोडा २०१७ मध्ये बसविण्यात आला. मधल्या अर्धशतकात चौकाला नाव होते, पण नावाचा धनी नव्हता. कोलटकर यांची कविता या रिकाम्या झालेल्या जागेच्या प्रत्यक्ष रहिवाशांची आहे.

हे रहिवासी काय करतात? बेवारस कुत्रा पहाटे वाहतूक-बेटावर पडून असतो. एका कवितेत एक स्त्री मुलाला उघड्यावर न्हाऊ घालते. दुसरीत एक तरुणी आपल्या माणसाच्या डोक्यातल्या उवा काढीत बसते. न्याहारीवरील दीर्घ कवितेत इडल्या घेऊन येणाऱ्या बाईभोवती भुकेलेल्यांचा मेळा जमतो आणि खाणे आटोपताच पांगतो. यांतील एकही कृती ‘रस्त्यावरची’ नाही. न्हाणे, उवा काढणे, खाणे ही घरातली कामे आहेत. छायाचित्रकाराला हीच दृश्ये अनपेक्षित, म्हणून टिपण्याजोगी वाटली असती. कवितेत ती नित्याची म्हणून येतात. न्हाऊ घालण्याच्या कवितेत लक्ष हातांच्या क्रमाकडे आहे आणि तो क्रम सवयीचा आहे. चौकातील जीवनाला कोलटकर प्रसंग न मानता दिनक्रम मानतात. एका जागी बसून पुन्हा पुन्हा पाहिल्याखेरीज दिनक्रम दिसत नाही. दागेरच्या पट्टीला जे सक्तीने करावे लागले, ते कोलटकर यांनी स्वेच्छेने केले : पुरेसा वेळ उघडे राहिल्याने येणारे-जाणारे विरळ झाले आणि थांबलेले उमटले.

६

या तुलनेवर एक आक्षेप संभवतो. कवितेतील व्यक्ती ओळखता येत नाही. छायाचित्रातील चेहरा खऱ्या माणसाचा असतो आणि त्याची संमती हा प्रश्न केवळ छायाचित्रालाच भेडसावतो. हा आक्षेप योग्य आहे. कोलटकर यांनी आपल्या माणसांना दिलेली नावेही त्यांची स्वतःची असतील असे नाही. मीरा, परमेश्वरी ही नावे पुराणांच्या आणि भक्तिपरंपरेच्या भांडारातून आलेली आहेत. कवी नाव बहाल करतो, छायाचित्रकार नाव वगळतो. दोहोंतही ज्याचे नाव त्याला विचारलेले नसते. शिवाय उपाहारगृहाची खिडकी आणि सराफाची काच यांच्या एका बाजूस बसण्याची सोय आहे, हे विसरता येत नाही. कवितेला अधिक नैतिक ठरविणे हा या तुलनेचा हेतू नाही. तुलनेतून निष्पन्न होते ते एवढेच की, द्रष्ट्याने दिलेला वेळ हे रस्त्याच्या चित्रणाचे मूलभूत अंग आहे आणि वेळ बदलला की विषयही बदलतो.

तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी पुढे येतात. एक, पाश्चात्त्य नागर समीक्षेतील संज्ञा वापरण्यापूर्वी त्यांची भाषांतरे तपासावी लागतात. ‘निर्णायक क्षण’ या संज्ञेखाली दडलेला फेरीवाला हे त्याचे उदाहरण. दोन, इंग्रजीतील ‘स्ट्रीट’ आणि मराठीतील ‘रस्ता’ हे समानार्थी मानून चालणार नाही. पहिल्या शब्दामागे घरातून निघून घरी परतणारा नागरिक आहे. दुसऱ्यामागे त्या नागरिकाबरोबरच, परतण्याचे ठिकाण नसलेला माणूसही आहे. १९८५ च्या निकालानंतर २०१४ मध्ये पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा झाला आणि रस्त्यावरील उपजीविकेला कायद्याच्या भाषेत स्थान मिळाले. समीक्षेच्या परिभाषेत ते अद्याप मिळावयाचे आहे. मुंबईच्या रस्त्याचे एखादे छायाचित्र समोर येते, तेव्हा त्यात पकडलेल्या क्षणाच्या कौशल्याबरोबरच त्यातील कोण जात आहे आणि कोण राहत आहे, हे विचारण्यापासून त्याची सुरुवात होऊ शकेल.