शिक्षकाची जागा आणि मुलाची भाषा

सेतुमाधवराव पगडी मराठी वाचकाला ठाऊक आहेत ते शिवकालाचे आणि फारसी साधनांचे अभ्यासक म्हणून. हैदराबाद संस्थानात अधिकारी असताना ते आदिलाबादच्या गोंडांमध्ये वावरले, गोंडी आणि कोलामी शिकले, दोन्हींची व्याकरणे त्यांनी लिहिली. त्यांच्या गौरवलेखांत हे काम एखाद्या वाक्यात उरकले जाते. चंद्रपूर-गडचिरोलीतील शिक्षकभरतीचा आजचा वाद समजून घेण्यासाठी मात्र त्या कामाकडेच जावे लागते.

१९४० साली जोडेघाटच्या परिसरात कोमराम भीम मारला गेला. त्यानंतर गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्याचे काम निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेंडॉर्फ यांच्याकडे दिले. त्यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. शिकवण्याची भाषा गोंडी, लिपी देवनागरी. वाचनपुस्तकेही तशीच तयार झाली. तिथे शिकलेले तरुण गावोगाव शिक्षक झाले, काही सरकारच्या इतर खात्यांत लागले. ही गोष्ट परमुलुखाची नाही. आजच्या राजुरा, कोरपना, जिवती तालुक्यांचा मुलूख तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होता. राजुरा १९५९ मध्ये चंद्रपूरला जोडला गेला.

मारलवाईत नोकरी, भाषा आणि प्रशिक्षण ही एकच योजना होती. पुढच्या सरकारी कागदांत यांची फारकत झाली, आणि माझा आक्षेप तिथेच आहे.

९ जून २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकांसह अनेक पदे स्थानिक अनुसूचित जमातींच्या उमेदवारांसाठी राखली. अधिसूचनेतील ‘स्थानिक’ची कसोटी म्हणजे २६ जानेवारी १९५० पासूनचे कुटुंबाचे वास्तव्य. उमेदवाराला मुलांची भाषा येते का, हा प्रश्न त्या कसोटीत नाही. पुढे २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने आंध्र प्रदेशातील अशाच शंभर टक्के आरक्षणाचा आदेश रद्द केला. आदिवासींना आदिवासींनीच शिकवावे, ही कल्पनाच न्यायालयाला अमान्य होती. या निकालाच्या सावलीत महाराष्ट्रातील पेसा भरतीही रखडली. अधिसूचना वास्तव्य मोजते, निकाल टक्केवारी मोजतो. पहिलीच्या वर्गात बसलेल्या माडिया मुलाला बाईंचे बोलणे कळते का, हे दोन्ही कागदांतून सुटते.

मारलवाईचा धडा असा की, गोंड शिक्षक नेमायचा तो त्याच्या दाखल्यासाठी नव्हे, तर तो मुलाशी बोलू शकतो म्हणून. आणि तेवढेही पुरत नाही म्हणून त्याला प्रशिक्षण व पुस्तके द्यायची.

भाषेची परीक्षा घेता येत नाही असेही नाही. गडचिरोलीच्या पोलीस शिपाई भरतीत गोंडी-माडियाची प्रश्नपत्रिका असते. शिक्षक पात्रता परीक्षेत उर्दू, बंगाली, तेलुगू, कन्नड, सिंधी यांना जागा आहे. गोंडी, माडिया, कोलामी यांना नाही. ज्याला बंदूक द्यायची त्याला लोकांची भाषा यावी हे शासनाला पटले, ज्याच्या हाती खडू द्यायचा त्याच्याबाबत ते पटायचे राहिले. शिक्षणहक्क कायद्याचे कलम २९ मात्र शक्यतोवर मातृभाषेतून शिकवा असे सांगते.

यावर एक रास्त हरकत आहे. चंद्रपूरच्या कित्येक गोंड घरांतून गोंडी गेली आहे, आणि ती घालवण्यात मराठी शाळेचाही हात आहे. त्याच घरच्या तरुणाला आता भाषा येत नाही म्हणून नाकारायचे, म्हणजे एकाच घावाची शिक्षा दोनदा. म्हणून भाषेची अट दारावरच्या पहाऱ्यासारखी नको. नेमणुकीनंतर ठरावीक मुदतीत भाषा शिकवण्याची जबाबदारी जिल्हा परिषदेने घ्यावी, आदिवासी आणि बिगर-आदिवासी दोघांसाठी. शिकवणारे गावातच आहेत. त्यांना मानधन द्यावे.

गावे थांबलेली नाहीत. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची स्वतःची शाळा काढली. पुढे मान्यता नाही म्हणून तिला नोटीस आली. सरकारी शाळेला मान्यता आहे, पण मुलाची भाषा नाही. गावच्या शाळेत भाषा आहे, पण मान्यता नाही. भरतीचा प्रश्न न्यायालयात कसाही सुटो, ही दोन टोके जोडल्याशिवाय भरलेली जागाही मुलासाठी रिकामीच राहील.