बहर आणि मोहर

सोलापूरला १९९० साली पहिले अखिल भारतीय मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतरच्या वर्षांत आपल्या कवितेत तलाक आला, दंगल आली, मोहल्ला आला, संशयाची नजर आली. ते येणे भागच होते. पण आपल्या कवींचे संग्रह वाचताना मला एक उणीव जाणवत आली आहे. त्यांत चैत्र फारसा भेटत नाही. भेटलाच तर तो गझलेतला असतो. गुल, बुलबुल, चमन. इराणी शायरीतला बुलबुल मुळात वेगळाच पक्षी. आमच्या करवंदीच्या जाळीत बसणारा शेंडीवाला बुलबुल त्याचा फक्त नामबंधू. कसालच्या तिठ्यावरून मालवणकडे वळलात की फाल्गुन-चैत्रात जे दिसते ते म्हणजे काजूचा मोहर, पानांशिवाय पेटलेला पांगारा, काटेसावर, कुड्याची पांढरी फुले. वेंगुर्ल्याच्या बाजूला सुरंगीचे वळेसार. यातले आपल्या कवितेत काय आले?

एका जाणत्या स्नेह्याने यावर मला सुनावले होते, "निसर्ग ही पोट भरलेल्यांची चैन आहे." मीही बरीच वर्षे तसेच मानत होतो.

ते मत बदलले ते आरती प्रभूंमुळे. चिंतामण त्र्यंबक खानोलकर आमच्याच मुलुखातले. जन्म ८ मार्च १९३०, तेंडोलीच्या बागलांच्या राईत. कसालहून महामार्गाने दक्षिणेला निघाले की कुडाळ लागते. तिथे त्यांच्या घरची खानावळ होती. ती कधी नीट चालली नाही. गल्ल्यावर बसून हा माणूस कविता लिहीत असे, आणि 'सत्यकथे'त १९५४ साली ती 'आरती प्रभू' या नावाने प्रथम आली. पोट भरलेल्याची ही कविता नव्हे. दारिद्र्य, देणेकरी, पुढे मुंबईतली ओढाताण, आणि २६ एप्रिल १९७६ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मृत्यू. फाल्गुनात जन्म आणि चैत्रात अखेर. योगायोगच, पण कोकणातल्या वाचकाच्या तो ध्यानात राहतो.

त्यांच्या निसर्गात दिलासा आहे का? आहे, पण उधारीचा. बोरकरांची कविता वाचताना गोव्याची हिरवाई अंगावर येते आणि मन निवते. आरती प्रभूंकडे कळी दिसली की तिच्यामागे तिन्हीसांज उभी असते. 'जोगवा' (१९५९) आणि 'दिवेलागण' (१९६२) ही नावेच पाहा. एकात मागणे आहे, दुसऱ्यात मावळता प्रकाश. 'नक्षत्रांचे देणे' (१९७५) या संग्रहाला ज्या कवितेवरून नाव मिळाले, तिच्यात तर कवी हाती उरलेल्या थोड्या कळ्या-पानांचा हिशेब मांडतो. फुलणे हे इथे फेडायचे राहिलेले ऋण आहे. या संग्रहाला त्यांच्या मृत्यूनंतर, १९७८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातली काही कविता नको तितकी गूढ आहे, हेही सांगितले पाहिजे. प्रतिमा एकमेकींवर चढत जातात आणि वाचक खाली राहतो.

ज्याच्या कानावर लहानपणापासून 'बहार' आणि 'खिजां' हे शब्द जोडीने पडले, त्याला हा कवी परका वाटत नाही. गझलेतला वसंत कधी निर्धास्त नसतोच. पानगळ दाराशी असते. आपण उर्दूतून फुलांची नावे उचलली, ही धास्ती मात्र तिथेच ठेवून आलो.

आपल्या वाचकांनी मुद्दाम वाचावी ती 'चानी'. 'गणुराया आणि चानी' (१९७०) या पुस्तकातली ही छोटी कादंबरी. १९७७ साली व्ही. शांताराम यांनी तिच्यावर चित्रपट काढला. चानी म्हणजे आमच्या मालवणीत खार. परक्या रक्ताची म्हणून गावाने वाळीत टाकलेली ही पोर रानावनात वावरते. तिच्या अंगात कुणाचे रक्त आहे याची चौकशी गावाला रोज करावीशी वाटते, रानाला नाही. ही चौकशी काय असते ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. खानोलकर या रानाचे नंदनवन करीत नाहीत. रान चानीला वाचवत नाही, फक्त जागा देते. मला वाटते, निसर्गातला दिलासा याहून मोठा नसतो, आणि इतका असला तरी तो लिहिण्याजोगा असतो.

भाषेची अडचण सांगणाऱ्यांची मला गंमत वाटते. 'बहर' हा मराठी शब्द फारसी 'बहार'चाच. नागपूरकडचा संत्रेवाला आंबे बहार, मृग बहार म्हणतो तेव्हा कुणाची परवानगी घेत नाही. अरबीतून आलेल्या 'कलम' या शब्दाने आपण लिहायची लेखणीही ओळखतो आणि आंब्याची जोडणीही. कोकणातल्या बागायतदाराच्या तोंडी तो दिवसातून दहा वेळा येतो. शब्द कधीच रुजले. मागे राहिलो ते आपण लिहिणारे.

हे लिहिताना एक कबुली देणे आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी कसालकडच्या एका कॉलेजकन्येने मला कविता दाखवली होती. घरात भांडण होते, अब्बा ताट भिरकावतात, आणि अम्मी मागल्या दाराने काजूच्या बागेत जाऊन उभी राहते. शेवटच्या कडव्यात तिच्या ओढणीवर मोहर पडतो आणि ती तो झटकत नाही. मी म्हणालो, "भांडणापर्यंत कविता सामाजिक आहे, पुढचे काढून टाक." पोरीने मान डोलावली आणि काढून टाकले. कविता तशीच छापून आली. पुढे चौपदरीकरणात महामार्गावरची जुनी मोठी झाडे गेली त्या सुमारास ती मला तिठ्यावर भेटली. ते कडवे आठवते का, असे मी विचारले. ती हसली आणि म्हणाली, "नाय सर, कागद तर तुमच्याकडंच दिलेलंय."

मी कपाटे धुंडाळली. तो कागद मला अजून सापडलेला नाही.