फ्रँचायझी करार संपविण्याचा हक्क : ‘गुजरात बॉटलिंग’ निवाड्याची चिकित्सा (महाड-पोलादपूरच्या संदर्भात)

प्रस्तावना :
भारतात फ्रँचायझी व्यवसायासाठी स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे फ्रँचायझीधारकाला करारातून केव्हा बाहेर पडता येईल, हे भारतीय करार अधिनियम, १८७२ आणि कराराची कलमे यांवरून ठरते. या संदर्भात ‘गुजरात बॉटलिंग कंपनी विरुद्ध कोका-कोला कंपनी’ (१९९५) हा निवाडा आधारभूत मानला जातो. त्याची मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निवाड्याचे स्वरूप :
मुंबई उच्च न्यायालयातून हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९३ च्या करारानुसार एक वर्षाची पूर्वसूचना आवश्यक होती. बॉटलिंग कंपनीने मात्र १९९४ च्या कराराचा आधार घेऊन ९० दिवसांची सूचना दिली. तत्पूर्वी तिचे भाग पेप्सीच्या बाजूकडे गेले होते. न्यायालयाने एक वर्षाची मुदत ग्राह्य धरली. करार चालू असताना प्रतिस्पर्ध्याचा माल न हाताळण्याची अट कलम २७ चा भंग करीत नाही, असेही ठरविले.

चिकित्सा :
या वादातील दोन्ही पक्षांमागे मोठे भांडवल होते. महाडच्या बाजारपेठेतील वा पोलादपूरच्या महामार्गालगतच्या गाळेधारकाची स्थिती तशी नसते. मूळ कंपनीने तयार केलेल्या छापील मसुद्यावर तो सही करतो. कलमे बदलून घेण्याची ताकद त्याच्याजवळ नसते. तोट्यातील दुकान वर्षभर चालवायचे आणि त्या काळात दुसरा मालही ठेवायचा नाही, अशी अट असेल तर बाहेर पडण्याचा हक्क केवळ कागदावर उरतो.

मूळ कंपनीने खोटी माहिती देऊन संमती मिळविली असेल, तर कलम १९ अन्वये करार रद्द करता येतो. तिने करारपालनास पूर्ण नकार दिल्यास कलम ३९ उपयोगी पडते. परंतु दोन्ही बाबतींत पुराव्याचा भार दुकानदारावर असतो. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाडची बाजारपेठ बुडाली. अशा वेळी कलम ५६ मधील अशक्यतेचा विचार मनात येतो. तथापि पालन केवळ कठीण वा महाग झाले म्हणून करार संपत नाही, हे ‘एनर्जी वॉचडॉग’ (२०१७) प्रकरणात स्पष्ट झाले आहे. म्हणजे करारात आपत्तीचे कलम नसेल, तर चिखल उपसून दुकान पुन्हा उघडणे त्याला भाग पडू शकते.

‘ब्रोजोनाथ गांगुली’ (१९८६) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सौदाशक्ती विषम असलेल्या पक्षांतील अन्याय्य अटी नाकारल्या. मात्र उभय पक्ष व्यापारी असतील तेथे हे तत्त्व सहसा लागू होणार नाही, असेही सूचित केले. लहान फ्रँचायझीधारक नावाने व्यापारी असला, तरी सौदाशक्तीच्या दृष्टीने तो गांगुलींच्या अधिक जवळ आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

निष्कर्ष :
‘गुजरात बॉटलिंग’ निवाडा त्यातील पक्षांपुरता योग्य आहे. सर्व फ्रँचायझी करारांना तो सरसकट लावणे अयोग्य होय. विधी आयोगाने १९९ व्या अहवालात (२००६) अन्याय्य करार-अटींविरुद्ध कायद्याची शिफारस केली होती. तसा कायदा होईपर्यंत पूर्वसूचनेची मुदत, शिल्लक माल परत घेणे, अनामत रकमेचा परतावा आणि पूर-आपत्ती या चार बाबी सहीपूर्वीच लिहून घेणे, हेच दुकानदाराचे खरे संरक्षण ठरते. वाणिज्य शाखेच्या अध्यापनात या चार कलमांच्या वाचनाला स्थान मिळावे, असे सुचवावेसे वाटते.