बाहेरगावचा जॉर्डन

१९८७-८८ च्या मोसमात मायकेल जॉर्डनला एनबीएचा सर्वोत्तम बचावपटूचा किताब मिळाला, आणि अलीकडे त्याच किताबावर बोट ठेवलं जातं. आक्षेप पोकळ नाही. ८२ सामन्यांत त्याच्या नावावर २५९ स्टील (हिसकावलेले चेंडू) आणि १३१ ब्लॉक (अडवलेले फटके) लागले. पण घरी, शिकागोत सामन्यामागे चार स्टील, तर बाहेर दोनाच्या जरा वर. नोंद ठेवणारा यजमान संघाचाच माणूस असे. त्याचा हात सैल होता. जुन्या चित्रफिती लावल्या तर कागदावरचे काही स्टील मैदानावर सापडत नाहीत, हे मान्य करायलाच हवं.

मग घरचे आकडे सोडूनच देऊ. बाहेरगावच्या टेबलावर जॉर्डनचे लाड करायला कोण बसलं होतं? तिथेही दोनाहून जास्त स्टील आणि एकाहून जास्त ब्लॉक! ब्लॉक म्हणजे एरवी उंच सेंटरचा प्रांत. इथे तो करतोय सहा फूट सहा इंचांचा गार्ड, चाळीस मिनिटं मैदानावर राहून, दुसऱ्या टोकाला सरासरी ३५ गुण करत. शिवाय घरच्या टेबलाची मेहेरनजर थोडीफार सगळीकडेच होती. एकट्या जॉर्डनला कात्री लावायची आणि ऑलाजुवान, ईटन या सेंटरांचे आकडे तसेच ठेवायचे, हा न्याय मला पटत नाही.

मार्क ईटनचे त्या मोसमात ३०४ ब्लॉक, लीगमध्ये सर्वाधिक. मोठाच बचावपटू. पण ब्लॉक झालेला चेंडू पुष्कळदा पुन्हा प्रतिस्पर्ध्याकडेच जातो. स्टील झाला की चेंडू आपला आणि समोर मोकळं मैदान. शिवाय जॉर्डनच्या शिकागो बुल्सनी सामन्यामागे १०१.६ गुण दिले, सगळ्या संघांत कमी. ते संथ खेळत, त्यामुळे थोडं श्रेय गतीचं. तरी संघातले पिपेन आणि ग्रँट तेव्हा नवखे होते, हे विसरू नये. आणि धावफलकावरचे गुण कोणाला फुगवता येत नाहीत.

मला सर्वांत वजनदार वाटतो तो प्रशिक्षकांचा कौल. बचावाचा आदर्श संघ तेव्हा प्रशिक्षक निवडत, आणि स्वतःच्या खेळाडूला मत देता येत नसे. म्हणजे ज्यांचे डाव त्याने उधळले, त्यांनीच १९८८ मध्ये जॉर्डनला पहिल्या संघात घेतलं. पुढे असं एकूण नऊ वेळा झालं.

त्याची खरी कला दिसते ती नजरेआडच्या बाजूला. १९९८ च्या अंतिम मालिकेतला सहावा सामना पाहा. यूटा एका गुणाने पुढे, शेवटचं अर्धं मिनिट. चेंडू डावीकडे कार्ल मलोनकडे, अंगाला भिडलेला शिकागोचा रॉडमन. जॉर्डनचा माणूस हॉर्नसेक बेसलाइनवरून पलीकडे धावतो. नियमाने जॉर्डनने त्याच्यामागे जायचं. तो जात नाही. हॉर्नसेक निघून गेला की दोन पावलं मागे वळतो, मलोनच्या पाठीमागून येतो आणि चेंडूवर चपराक मारतो. मलोनला तो दिसलेलाच नसतो. आपला माणूस सोडण्याचा हा जुगार फसला असता तर हॉर्नसेक मोकळा होता. पण मलोन चेंडू कुठे धरणार हे त्याने आधीच ओळखलेलं होतं. त्यानंतरचा विजयी शॉट जगाला पाठ आहे. मी मात्र त्याआधीचा हा स्टील पुन्हा पुन्हा पाहतो. तोही बाहेरगावचाच, सॉल्ट लेक सिटीतला.