छोटी पेटी आणि जखमी देह : व्यावसायिक मल्लांच्या आत्मकथनांविषयी

रोलाँ बार्थ यांचा व्यावसायिक कुस्तीवरील निबंध १९५२ साली प्रथम प्रसिद्ध झाला आणि पुढे १९५७ च्या ‘मितोलॉजी’ या संग्रहात समाविष्ट झाला. कुस्तीचा हा प्रकार क्रीडा नसून प्रयोग आहे, ही त्यातील भूमिका आता सर्वपरिचित आहे. निकाल आधी ठरला होता काय, हा प्रश्न येथील प्रेक्षकाच्या दृष्टीने गैरलागू असतो. त्याला यातना, पराभव आणि न्याय यांची ठळक, वाचता येण्याजोगी चिन्हे हवी असतात. पन्नाशीतल्या एका स्थूल मल्लाचे शरीर हेच त्याच्या नीचपणाचे पहिले चिन्ह कसे ठरते, याचे बार्थ यांनी केलेले विवेचन आजही ताजे वाटते. निबंधाच्या अखेरीस मल्ल निर्विकार चेहऱ्याने, हातात एक छोटी पेटी घेऊन, पत्नीसह सभागृहाबाहेर पडताना दिसतो. बार्थ यांची नजर तेथेच थांबते. ती पेटी घेऊन जाणाऱ्या देहाचे पुढे काय होते, हा प्रश्न चिन्हमीमांसेच्या कक्षेत येत नाही. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न अमेरिकी व्यावसायिक कुस्तीतून निर्माण झालेल्या काही आत्मकथनांच्या आधारे विचारात घ्यावयाचा आहे.

प्रारंभी एक भेद स्पष्ट करावयास हवा. आपल्याकडे ‘नुरा कुस्ती’ हा शब्द निंदाव्यंजक आहे. त्यात प्रेक्षकाची फसवणूक गृहीत धरलेली असते. अमेरिकी व्यवसायात ठरीव निकालाची गुप्तता पाळण्याच्या संकेताला ‘केफेब’ असे नाव आहे. रिंगणात शत्रू असलेल्यांनी बाहेरही शत्रूच म्हणून वावरावे, अशी त्याची मागणी असे. म्हणजेच मल्लाच्या रिंगणाबाहेरील व्यक्तिमत्त्वावरही भूमिकेचा हक्क होता. १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्यात या कुस्तीला खरी स्पर्धा न मानता मनोरंजन मानावे, असा पवित्रा खुद्द संयोजक कंपनीनेच घेतला. त्यामागे कलाविषयक प्रामाणिकपणा नव्हता. शासकीय क्रीडा आयोगाच्या देखरेखीतून आणि करातून सुटका हवी होती. मल्ल हे कंपनीचे कर्मचारी नसून स्वतंत्र कंत्राटदार आहेत, ही या व्यवसायातील रूढ व्यवस्थाही याच जातीची होती. ‘हे सारे खोटे आहे’ या कबुलीचा अर्थ शरीरापुरता विपरीत झाला. निकाल ठरलेला असतो, पडणेही ठरलेले असते; परंतु ठरवले म्हणून जमीन मऊ होत नाही.

मिक फोली यांचे ‘हॅव अ नाइस डे’ (१९९९) हे या वाङ्मयप्रकारातील महत्त्वाचे पुस्तक होय. लेखनिक न घेता त्यांनी ते स्वहस्ते लिहिले आणि ते खपाच्या यादीत अग्रस्थानी पोहोचले. १९९४ मध्ये म्युनिक येथील सामन्यात मान दोरखंडांत अडकून त्यांच्या उजव्या कानाचा मोठा भाग तुटला. २८ जून १९९८ रोजी पिट्सबर्ग येथे ते सुमारे सोळा फूट उंच पिंजऱ्यावरून खाली फेकले गेले, आणि त्याच सामन्यात पुढे पिंजऱ्याचे छत तुटून पुन्हा कोसळले. फोली हे सारे विनोदाच्या अंगाने सांगतात. हा विनोद म्हणजे यातनेवरील पांघरूण आहे असे म्हणणे सोपे आहे. परंतु वास्तविक त्याचे कार्य वेगळे आहे. रिंगणात आक्रोश हे चिन्ह असते. त्यामुळे रिंगणाबाहेर आक्रोशाची भाषा वापरणे म्हणजे पुन्हा अभिनय करणे ठरते. खऱ्या वेदनेसाठी लेखकापाशी केवळ संयत विनोदाची भाषा उरते.

या आत्मकथनांत नावाचा प्रश्नही लक्षणीय आहे. लेखक, निवेदक आणि पात्र यांचे नाव एकच असणे हा आत्मचरित्राचा करार आहे, असे फिलीप लजन यांनी १९७५ मध्ये प्रतिपादन केले. फोली तर कॅक्टस जॅक, मॅनकाइंड आणि ड्यूड लव्ह अशा तीन नावांनी लढले. यांपैकी शेवटचे पात्र त्यांनी तरुण वयातच हौसेखातर कल्पिले होते. पुस्तकाचे शीर्षक हे मॅनकाइंड या पात्राचे पालुपद आहे. ब्रेट हार्ट यांच्या आत्मकथनाचे ‘हिटमॅन’ (२००७) हे शीर्षकही रिंगणातील बिरुदच आहे. मराठी वाचकाला येथे हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) चे स्मरण व्हावे. पडद्यामागील आयुष्य सांगणाऱ्या त्या कथनानेही १९५९ च्या त्याच नावाच्या चित्रपटाचे, म्हणजे पडद्यावरील आयुष्याचे, शीर्षक स्वीकारले होते. दोन्हीकडे भूमिका हा नुसता मुखवटा राहत नाही; ‘मी’ उच्चारण्याची परवानगीच तिच्याकडून मिळते. मात्र एक अंतर आहे. मल्लाच्या कथनात सर्व नावांत समान असणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे जखम. कॅक्टस जॅकचा तुटलेला कान मॅनकाइंडलाही नसतो आणि फोलींनाही. त्यामुळे आत्मचरित्राच्या करारावर नावाऐवजी जखमेची सही होते, असे म्हणता येईल.

परंतु हा साक्षीदारही निर्वेध नाही. ज्या सामन्याने फोली यांना कीर्ती दिली, त्यातील बराच भाग आपल्याला आठवत नाही असे ते सांगतात. ब्रेट हार्ट यांनी प्रवासात ध्वनिफितींवर रोजनिशी नोंदवली होती. डिसेंबर १९९९ मध्ये प्रतिस्पर्ध्याची लाथ डोक्याला बसून त्यांना जबर मार लागला, कारकीर्द संपुष्टात आली आणि २००२ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्याच वर्षांतील आणखी एक घाव कौटुंबिक होता: मे १९९९ मध्ये त्यांचे बंधू ओवेन कॅन्सस सिटी येथे छतावरून रिंगणात उतरवले जात असताना कोसळून मृत्युमुखी पडले आणि त्या रात्री प्रयोग पुढे चालूच राहिला. अशा लेखकाच्या हाती ध्वनिफिती नसत्या, तर त्याचे पुस्तक कसे झाले असते? आत्मकथन ज्या स्मृतीवर उभे राहते, तिलाच हा व्यवसाय इजा करतो.

येथे ‘रिंगणाबाहेरील व्यक्तिमत्त्व’ ही कल्पनाच तपासावी लागते. जून २००७ मध्ये क्रिस बेन्वा यांनी पत्नी आणि मुलगा यांची हत्या करून आत्महत्या केली. त्यांच्या मेंदूत वारंवारच्या आघातांमुळे होणाऱ्या ऱ्हासाच्या खुणा आढळल्याचे संशोधकांनी पुढे जाहीर केले. या कृत्याचे कारण एवढ्याने निश्चित होत नाही, आणि मृतांवरील अन्याय त्याने कमीही होत नाही. मात्र रिंगणातील देह आणि घरातील माणूस यांत स्वच्छ सीमारेषा आहे, हे गृहीतक त्यानंतर टिकत नाही. मेंदू हाही देहच आहे.

बॅरी ब्लाउस्टीन यांच्या ‘बियाँड द मॅट’ (१९९९) या माहितीपटात याच सीमारेषेवर कॅमेरा ठेवला आहे. जानेवारी १९९९ मधील एका सामन्यात हातकड्या घातलेल्या फोली यांच्या डोक्यावर खुर्चीचे घाव बसत राहतात. हे खरे भांडण नव्हे असे आधी समजावलेली त्यांची मुले प्रेक्षागृहात रडू लागतात. दिग्दर्शक पुढे हे चित्रण फोली यांनाच दाखवतो. मुलांचे वाचन चुकीचे होते काय? बार्थ यांचा जाणता प्रेक्षक चिन्ह वाचतो. मुले घाव वाचतात, आणि या प्रसंगी मुलांचे वाचन अधिक अचूक ठरते.

डॅरन अरोनॉफ्स्की यांच्या ‘द रेसलर’ (२००८) या कथापटात नायकाच्या छातीवर दुकानात काम करताना त्याचे खरे नाव लावलेले असते, आणि तेच नाव त्याला परके वाटते. रिंगणातील नावाकडे परतणे म्हणजे मृत्यूकडे जाणे, हे ठाऊक असूनही तो परततो. कथापट या परतण्याला शोकात्म उंची देतो. आत्मकथनांना ती उंची घेता येत नाही, कारण त्यांच्या लेखकांना दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघे वाकवून उठावयाचे असते. या सकाळचे वर्णन हीच या वाङ्मयाची देणगी आहे.

अर्थात या वाङ्मयाचा एक धोकाही नोंदवावयास हवा. जखम हीच सत्याची खूण ठरली की वाचक अधिकाधिक जखमा मागू लागतो आणि नकळत पुन्हा प्रेक्षकाच्या आसनावर जाऊन बसतो. फोली यांच्या पुस्तकाचा खप या मागणीपासून सर्वस्वी अलिप्त होता, असे मानण्याचे कारण नाही. प्रयोगकर्त्यांच्या आत्मकथनांचा तौलनिक अभ्यास करताना, मग ते मल्लाचे असो वा तमाशातील वा चित्रपटातील कलावंताचे, भूमिकेमागील ‘खरा माणूस’ शोधण्यात फारसे हाती लागणार नाही. भूमिकेची किंमत कोणत्या देहाने चुकवली आणि ती सांगण्याइतकी स्मृती त्याच्यापाशी उरली काय, हे दोन प्रश्न अधिक फलदायी ठरतील.