नकुलमातेचे संभाषण : एक पुनर्वाचन

अंगुत्तर निकायाच्या छक्कनिपातात नकुलपिता या गृहस्थ उपासकाच्या आजारपणाचे सुत्त आहे. भग्ग जनपदातील सुंसुमारगिरी येथे तो अंथरुणास खिळला आहे आणि पत्नी नकुलमाता त्याच्याशी बोलते आहे. आपल्या प्रवचनांत हे सुत्त बहुधा आदर्श पत्नीचा दाखला म्हणून येते. हे वाचन चुकीचे नाही, अपुरे आहे. आणि त्या अपुरेपणाची किंमत पालमसारख्या तालुक्याच्या गावी मनाने खचलेली माणसे मोजीत आहेत.

नकुलमाता करते काय? मन मागे गुंतवून मरणे दुःखाचे असते एवढे सांगून ती थांबत नाही. पतीच्या मनात असू शकतील अशा सहा शंका ती एकेक करून पुढे घेते. पहिली शंका अशी की, आपल्यामागे मुलांचे व घराचे कसे होणार? यावर ‘सर्व ठीक होईल’ असे ती म्हणत नाही. आपल्याला कापूस कातता येतो, लोकर विंचरता येते, असे ती सांगते. कापसाच्या या मुलखातील वाचकाला त्या उत्तराचे वजन समजावून देण्याची गरज नाही. दुसरी शंका पुरुष सहसा ओठांवर आणीत नाही : ही दुसरे घर तर करणार नाही ना? तीही ती स्वतःच उच्चारते आणि दोघांनी सोळा वर्षे पाळलेल्या ब्रह्मचर्याची आठवण देते. उरलेल्या चार शंका तिच्या श्रद्धा, शील, चित्तशांती व धम्मातील स्थैर्याविषयी आहेत.

पुढे तथागत तिला ‘ओवादिका’ व ‘अनुसासिका’ म्हणतात. आपण त्याचा अर्थ ‘उपदेश करणारी’ असा घेतो आणि घोटाळा येथेच होतो. आजाऱ्याच्या उशाशी बसून ‘मन खंबीर कर, ध्यानाला बस’ असे सांगणारेही स्वतःस उपदेशकच समजतात. वस्तुतः इगतपुरीच्या विपश्यना परंपरेची नियमावलीच, साधना ही वैद्यकीय वा मानसोपचाराला पर्याय नाही, असे बजावते. हे वाक्य आपल्या विहारांत क्वचितच वाचून दाखविले जाते.

भीतीला नेमके नाव देणे आणि ती पुराव्याशी ताडून पाहणे, हे संवादातून होणाऱ्या मानसोपचाराचे एक मुख्य काम आहे. अल्बर्ट एलिस यांची आणि मराठीत कि. मो. फडके यांनी रुजविलेली विवेकनिष्ठ पद्धती हेच करते. मात्र एक भेद लपवू नये. नकुलमाता पतीला ओळखत होती, म्हणून तिने शंका ओळखल्या; उपचारकाला विचारावे लागते. कर्जाने खचलेल्या शेतकऱ्याची सर्वांत मोठी धास्ती पुष्कळदा घरच्यांपासूनच लपविलेली असते. तेथे नकुलमाता घरात असूनही बाहेरचा, गुप्तता पाळणारा माणूस लागतो.

तो कोठे मिळेल? पालमच्या माणसाने गंगाखेडमार्गे परभणीचे जिल्हा रुग्णालय गाठावे, किंवा लोह्यावरून नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग. तेथे औषध देणारा मनोविकारतज्ज्ञ वेगळा आणि बोलून उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ वेगळा, हे आधी समजून घ्यावे. तीव्र विकारात दोघेही लागतात. समोरच्याचे शिक्षण विचारण्यात संकोच नसावा. पहिल्या भेटीतच बरे करण्याची हमी देणारा टाळावा, आणि चार भेटींनंतरही आपले ऐकले जात नाही असे वाटल्यास दुसरा शोधावा, यात कृतघ्नता नाही. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर शासनाने 2015 साली मराठवाड्यातील सर्व जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प आणला. ऑक्टोबर 2022 मध्ये ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा सुरू झाली. तिचा क्रमांक 14416. एसटीच्या भाड्याची विवंचना असलेल्याला ही सोय लहान नव्हे.

सुत्ताच्या अखेरीस नकुलपिता बरा होतो व काठी टेकीत तथागतांकडे जातो. यावरून बोलण्याने देहाचे आजार जातात असा निष्कर्ष काढू नये. आम्हांस अडते ते वेगळ्याच ठिकाणी. त्या साऱ्या संभाषणात नकुलपित्याच्या तोंडी एकही शब्द नाही. नकुलमातेने हेरलेल्या सहा शंकांखेरीज सातवी एखादी त्याच्या मनात होती काय, हे त्याला कोणीच विचारलेले नाही.