फ्लोरिडांतील ह्यूगेनो वसाहत आणि ‘वादळ झालें नसतें तर’

इ. स. १५६५ च्या सप्टेंबरांत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर वादळ झालें नसतें, तर उत्तर अमेरिका फ्रेंच प्रॉटेस्टंटांची, म्हणजे ह्यूगेनोंची, भूमि झाली असती, अशी एक कल्पना मांडली जाते. धर्मच्छळास कंटाळलेल्या लोकांनीं समुद्रापलीकडे आपलें स्वतंत्र राज्य वसवावें, हें चित्र मनोहर खरेंच. परंतु इतिहासांत जर-तरास जागा द्यावयाची, तर तें ज्या खुंटीवर टांगावयाचें ती तरी समकालीन कागदांत पक्की बसलेली असावी, एवढी आमची अपेक्षा आहे.

मूळ हकीकत थोडक्यांत अशी. आरमारप्रमुख कोलिन्यी याच्या आश्रयानें झां रिबो १५६२ त प्रथम तेथें गेला. १५६४ त रने द लोदोनिएर यानें सुमारें ३०० माणसें नेऊन सेंट जॉन्स नदीच्या तीरीं कॅरोलाइन किल्ला बांधला. २८ ऑगस्ट १५६५ रोजीं रिबो कुमक घेऊन पोंचला. त्याच सुमारास पेद्रो मेनेंदेथचें स्पॅनिश आरमारही त्या किनाऱ्यास लागलें. रिबो त्याजवर चालून गेला, वादळांत त्याचीं गलबतें फुटलीं, आणि मेनेंदेथनें खुष्कीच्या वाटेनें येऊन २० सप्टेंबरास किल्ला घेतला. किनाऱ्यावर फेकले गेलेले रिबो व त्याचे बहुतेक सोबती पुढें शरण आले असतांही कापले गेले.

येथून कल्पनेची भरारी सुरू होते. आम्ही वाचकांस उलट कांहीं आठवडे मागें नेऊं इच्छितों. लोदोनिएरचा वृत्तांत १५८६ त पॅरिसला छापला गेला. त्यावरून दिसतें कीं, वसाहतीचें पोट तिमुकुआ लोकांच्या धान्यावर चाले. तें आटल्यावर त्यानें उटिना नामक त्यांच्या एका राजास पकडून त्याच्या सुटकेबद्दल धान्य मागितलें. कांहीं शिपाई बंड करून चाचेगिरीस निघून गेले होते. ऑगस्टच्या आरंभीं इंग्रज दर्यावर्दी जॉन हॉकिन्स आला, तेव्हां त्याच्यापासून एक गलबत उधारीनें घेऊन सर्व मंडळी स्वदेशीं परतण्याच्या तयारीस लागली. अनुकूल वाऱ्याची वाट पाहत असतांच रिबोचीं शिडें दिसलीं! लोदोनिएरला आपला बचाव करावयाचा होता, म्हणून बंडाविषयींचें त्याचें म्हणणें सावधपणें घ्यावें. परंतु उपासमार व परतीचा बेत या आपणांस कमीपणा आणणाऱ्या गोष्टी तो स्वतःच कबूल करतो, आणि हॉकिन्सचा सोबती जॉन स्पार्क याचा वृत्तांत त्यास दुजोरा देतो. वादळानें बुडविली म्हणतात ती वसाहत मोडण्याचा निश्चय वसाहतकारांनीं आधींच केला होता. कुमकेनें ती सावरली असती असें कोणी म्हणेल. पण फिलिप राजानें मेनेंदेथशीं फ्लोरिडा वसविण्याचा करार मार्च १५६५ मध्येंच केला होता. एक आरमार बुडण्यावांचून राहिल्यानें तो उद्योग थांबता, हें आम्हांस पटत नाहीं.

या कल्पनेस रंग चढविला तो बहुतांशीं चित्रांनीं. किल्ल्यांतून जीव घेऊन निसटलेला चितारी जॅक ल म्वान १५८८ त वारला. त्याच्या विधवेकडून कागद मिळवून थिओडोर द ब्री यानें १५९१ त तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलीं चित्रें छापलीं. मूळ चित्रें गेलीं. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांतील एक चित्र ल म्वानच्या हातचें मानीत. त्याविषयींही तज्ज्ञांनीं शंका घेतल्या आहेत. छापील चित्रांत फ्लोरिडाच्या योद्ध्यांच्या हातीं ब्राझीलच्या घाटाच्या गदा दिसतात. संग्राहकांनीं हे ठसे अवश्य जमवावे, पण मुळाचा मान त्यांस देऊं नये.

शिवाय १५६४ चे हे लोक मुख्यतः शिपाई, कारागीर व हौशी सरदार होते. त्यांस निर्वासित म्हणणें म्हणजे पुढील शतकाचा शब्द मागें ओढणें होय. खरे निर्वासित १६८५ च्या फाँतेनब्लोच्या फर्मानानंतरचे. त्यांची संख्या दोन लाखांच्या घरांत धरतात. ते फ्रान्सच्याच वसाहतींत कां गेले नाहींत? त्या फर्मानानें देशत्यागच गुन्हा ठरविला होता, आणि नव्या फ्रान्सचें दार तर १६२७ च्या सनदेनें, कॅथलिक फ्रेंचांनींच तेथें वसावें असें ठरवून, कधींच लावून टाकलें होतें. जर-तर करावयाचेंच, तर ती सनद पुढें ठेवून करावें. दार उघडें असतें तर काय होतें, या प्रश्नास निदान माणसांचा आधार तरी आहे. प्रत्यक्षांत त्यांतील सुमारें २०० जण १६८८ व पुढील वर्षांत डच कंपनीच्या गलबतांतून आफ्रिकेच्या टोंकास, केप येथें गेले. कंपनीनें त्यांस डच शेतकऱ्यांत विखरून जमिनी दिल्या. दोन-तीन पिढ्यांत फ्रेंच भाषा लोपली. द्यु प्लेसी, द व्हिलिए अशीं आडनांवें तेवढीं उरलीं.